फळ्यांजवळची हाक

आयलीच्या लग्नात टेबलाचा पाय मोडला आणि तीन मजली केक थेट पाद्रीबाबांच्या बुटांवर जाऊन बसला, ते साल एकोणीसशे सदुसष्ट. महिना सप्टेंबर. हक्कोलांच्या घरात पुढची बरीच वर्षं सगळं त्या केकपासून मोजत. केकच्या आधीचं आणि केकच्या नंतरचं.

केक पडला तेव्हा बायका किंचाळल्या, आयली रडवेली झाली, आणि नवरामुलगा लायल स्टेफिशिन पोट धरून हसायला लागला. त्याचं हसू बघून म्हातारा एइनो हक्कोला, आयलीचा बाप, तोही हसला. जावयाच्या खांद्यावर हात टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आयलीचा थोरला भाऊ वाइनो समोर उभा होता, हातात रिकामी बशी घेऊन. वयाच्या तेहतीस वर्षांत बापाचा हात आपल्या खांद्यावर असा पडल्याचं त्याला आठवेना. त्या दुपारी त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे थांबलं नाही.

स्लेट बे हे खाणीचं गाव. उन्हाळ्यात भट्टीवर काम आणि हिवाळ्यात बर्फावरची हॉकी. गावाची टीम पगारी होती. मोठ्या शहरांतल्या टीमसारखी नव्हे, तरी पगारी. वाइनो तिथे नऊ हिवाळे बचावाला खेळत होता. लायल आदल्या वर्षी पश्चिमेकडच्या गव्हाच्या मुलुखातून आला. युक्रेनी आईबापांचा, चोवीस वर्षांचा, कुठेही बसवला तरी चार जणांना हसवणारा. गोत्ये कोचने त्याला वाइनोच्या जोडीला लावलं. वाइनोनेच त्याला एका रविवारी घरी जेवायला नेलं. म्हणजे बहिणीला नवरा मिळाला तो वाइनोच्याच हाताने. ही गोष्ट त्याला कोणी आठवून दिली की तो उठून लाकडं फोडायला जायचा.

म्हातारा एइनो तरुणपणी नुसत्या कमरेवर ओळखला जायचा. समोरून चकती घेऊन येणारा गडी मैदानाभोवतीच्या लाकडी फळ्यांच्या कडेने निसटू पाहतो, तेव्हा बचाव करणाऱ्याने पाठ वळवायची, गुडघ्यांत वाकायचं आणि कंबर त्याच्या मांडीत घालायची. जरा वर लागली तर त्याच्या बरगड्या जातात. जरा खाली लागली तर गुडघा जातो, आणि तो कायमचा. बरोबर मांडीत लागली तर गडी हवेत गोल फिरतो, बर्फावर आपटतो, उठतो, आईवरून शिवी देतो आणि पुन्हा खेळायला लागतो.

"धडक अशी मार, की त्याने उद्या पुन्हा यायला पाहिजे," म्हातारा सांगायचा. "चकतीकडे बघू नको. पायांकडे बघू नको, पाय खोटं बोलतात. छातीकडे बघ. आणि स्वतः फळ्यांपाशी असशील तर फळीला चिकटून राहा. दोन पावलांवर कधी उभा राहू नको. दोन पावलांवर माणूस डोक्याने फळीत जातो."

वाइनोला हे सगळं त्याने होडीघराच्या भिंतीशी, गोठलेल्या तळ्यावर शिकवलं होतं, वयाच्या सातव्या वर्षापासून. वाइनोने कमरेची धडक कमावली. टीममध्ये त्याच्याइतकी स्वच्छ कोणाची नव्हती. मॅच संपल्यावर तो घरी यायचा, बूट काढायचा आणि वाट बघायचा. म्हातारा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "बरं होतं."

नोव्हेंबरात तळ्यावर बर्फ धरला तेव्हा म्हातारा लायलला होडीघराशी घेऊन गेला. वाइनोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. म्हातारा सत्तरीला आलेला, गुडघे कुरकुरणारे, पण तिथे वाकून वाकून दाखवत होता. लायल पडत होता आणि हसत होता. घरात बापाला 'इसा' म्हणत. लायल ते 'ईस्सा' असं ओढून म्हणायचा, आणि म्हाताऱ्याला त्याचीही गंमत वाटायची.

डिसेंबरात एका रविवारी लायलने पाहुण्या टीमच्या एका दांडगटाला असा उचलला की तो गडी फळीवरून प्रेक्षकांच्या मांडीत जाऊन बसला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. त्या संध्याकाळी जेवताना म्हाताऱ्याने बटाट्याचं भांडं लायलपुढे सरकवलं आणि म्हणाला, "चाळीस वर्षांत माझ्यासारखी कंबर बघितली नव्हती. आज बघितली."

म्हातारा कौतुकाचं इतकं लांब वाक्य कधी बोलायचा नाही.

"आणि माझी?" वाइनोने विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"तुझी कंबर दारात अडकते, दादा," आयली म्हणाली आणि हसली.

"तुझी बरी आहे," म्हातारा म्हणाला.

"अहो ईस्सा, त्यानेच तर मला सांभाळून घेतलंय," लायल म्हणाला. "वाइनो मागे नसता तर मी कधीच फळीवर थापला गेलो असतो, पावावर लोणी थापतात तसा."

असं चांगलं बोलायचा तो. त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही. वाइनोने बटाटे गिळले.

कपडे बदलायच्या खोलीत तर चेष्टेला ऊत आला. "वाइनो, तुझं बूड मेहुण्याने पळवलं की रे!" "हुंड्यात दिलं त्याने, हुंड्यात!" लायल स्वतः लाल व्हायचा, म्हणायचा, "गप्प बसा रे, दादाकडून शिकतोय मी." वाइनो स्केट्सच्या नाड्या इतक्या जोरात आवळायचा की तुटायच्या. गावच्या पेपरात 'स्टेफिशिन कंबर' असा मथळा आला. हक्कोलांची कंबर होती ती. तिचं नावसुद्धा गेलं.

आता हाकेचं सांगायला हवं. चकती आपल्या गोलच्या मागे, कोपऱ्यात गेली, की बचावातला एक जण ती आणायला जातो. त्याचं तोंड फळ्यांकडे, मान खाली, सगळा खेळ पाठीमागे. मागून कोण किती वेगात येतंय ते त्याला दिसत नाही. ते त्याच्या जोडीदाराला दिसतं. जोडीदाराने ओरडायचं, "आला!" बास, एवढंच. ती हाक ऐकली की पुढचा फळीला चिकटतो, खांदा वळवतो, धडक अंगावर घेतो, डोकं वाचतं. तेव्हा डोक्यावर हेल्मेट कोणी घालत नसे. घातलं तर लोक हसत. हेल्मेट म्हणजे ती हाक. वाइनोने नऊ वर्षांत एकदाही ती चुकवली नव्हती. ज्यांच्याशी त्याचं बोलणं बंद होतं त्यांनाही दिली होती.

फेब्रुवारीतला रविवार होता, दुपारची मॅच. मधल्या रेषेपाशी लायलने एकाला कमरेवर घेऊन फिरवलं. लोक बाकांवर उभे राहिले. त्या गोंगाटातून वाइनोला एकच आवाज ओळखू आला. पलीकडच्या टोकाला बसलेला म्हातारा ओरडत होता, "शाब्बास, पोरा!"

पोरा.

पुढच्याच मिनिटाला चकती कोपऱ्यात गेली आणि लायल तिच्यामागे गेला. चकती फळीला लागून उसळली आणि फळीपासून दोन पावलांवर थांबली. लायल मान खाली घालून तिथेच उभा राहिला. निळ्या रेषेकडून अकरा नंबरचा गडी येत होता, खांदे पाडून, पूर्ण वेगात. वाइनोने त्याला बघितलं. तोंड उघडलं. हवा छातीत घेतली. आणि ती तशीच धरून ठेवली.

अर्धा श्वास असेल, जास्त नाही. पण त्या अर्ध्या श्वासात आपण काय करतोय हे त्याला स्वच्छ माहीत होतं.

लायलचं डोकं फळीवर आपटलं तो आवाज रिकामं पिंप पडावं तसा आला.

टीमचा मालिशवाला पर्सी घसरत धावला. त्याने अमोनियाची बाटली नाकाखाली धरली आणि दोन बोटं वर केली. "ही किती?"

"तुझी की माझी?" लायल डोळे न उघडता म्हणाला.

सगळे हसले. "विनोद करतोय म्हणजे डोकं जागेवर आहे," पर्सी म्हणाला. शेवटच्या वीस मिनिटांत लायल पुन्हा खेळला. संपल्यावर त्याने मोरीत ओकारी काढली.

गोत्येने भिंतीवर हात आपटला. "हाक कुणी द्यायची होती?"

वाइनो उभाच होता. उत्तर जिभेवर यायच्या आत लायल बोलला. "दिली ना त्याने. मी ऐकली. उशिरा ऐकली, माझी चूक. लोकांचा केवढा गोंगाट."

गोत्येने मान हलवली. विषय संपला. लायलला खरंच हाक ऐकू आल्यासारखं वाटत होतं, का तो वाइनोला वाचवत होता, हे वाइनोला कळेना. दोन्ही सारखंच झोंबत होतं. न दिलेली हाकसुद्धा या माणसाने आपल्या चांगुलपणाच्या खात्यात ओढून घेतली होती.

पुढचे तीन आठवडे वाइनोने जे बघितलं ते दुसऱ्या कोणी बघितलं नाही, कारण बसमध्ये शेजारची सीट त्याची होती. लायल उजेड नको म्हणून तोंडावर टॉवेल घेऊन बसायचा. एकच गोष्ट तीनदा विचारायचा: "आज कुठे चाललोय आपण?" स्केट्सची नाडी भोकात घालताना त्याचा हात भोकाच्या शेजारी जायचा. बाकीचे बाहेर गेले की वाइनो खाली बसून नाड्या बांधून द्यायचा.

"आयलीला सांगू नको," लायल म्हणायचा. "ईस्सालाही नको. शनिवारपासून बाद फेरी आहे. एवढी होऊ दे, दादा, मग महिनाभर झोपतो."

"लायल, तुझं बरोबर नाही."

"कोणाचं बरोबर असतं रे मार्चमध्ये?"

हक्कोलांच्या घरात ओलावीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. म्हाताऱ्याच्या तरुणपणीचा जोडीदार. डोक्याला मार लागला, ठीक आहे म्हणाला, आठ दिवसांनी कोणीतरी साधा धक्का दिला, आणि तो बर्फावर खाली बसला. दमल्यासारखा बसला, पुन्हा उठला नाही. वाइनो रोज लायलच्या नाड्या बांधायचा आणि त्याला ओलावी दिसायचा.

मग त्याने ठरवलं, सांगायचं. बुधवारी तो गोत्येकडे गेला.

गोत्येने ऐकून घेतलं, सिगरेट विझवली. "पर्सी म्हणतो ठीक आहे. लायल म्हणतो ठीक आहे. तू एकटा म्हणतोस नाही. वाइनो, तुझं काय जळतंय ते अख्ख्या गावाला वास येतोय. उगाच मला सांगू नको."

गुरुवारी तो आयलीकडे गेला. ती पिठाचे हात घेऊन दारात आली. वेलची घातलेला पाव भाजत होती. "डोकं दुखतं त्याचं, मला दिसत नाही का? सगळ्यांचीच दुखतात," ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला. "तुला तो पहिल्यापासून नको होता, दादा. लग्नात तुझं तोंड बघितलं होतं मी. केक पडला त्याचं मला काही नाही वाटलं, तुझ्या तोंडाचं वाटलं."

वाइनो परत फिरला. मेणबत्तीसारखे बर्फाचे सुळे छपरांवरून लोंबत होते, त्यांच्याकडे बघत चालला. त्याला वाटलं, खरंच तर आहे. लायल बसला तर शनिवारी लोकांना कोणाची कंबर दिसेल? माझी. मी त्याच्या डोक्यासाठी बोलतोय की माझ्या कमरेसाठी? त्याने मनाला खूप टोकरलं. दोन्ही एकमेकांत कालवलेलं होतं.

शुक्रवारी दुपारी हक्कोलांचं वाफेचं स्नान असे. लाकडी खोलीत, तापलेल्या दगडांसमोर, बाप आणि मुलगा वरच्या फळीवर उघडे बसले होते. म्हाताऱ्याने दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ कानांना चटका देऊन गेली.

"इसा, लायलला उद्या खेळू देऊ नका. तुम्ही सांगितलंत तर गोत्ये ऐकेल."

"ऐकलंय मी. आयली रडत आली होती."

"मग?"

"मग तू जळतोस, हे मला दिसतं. नोव्हेंबरापासून दिसतंय. खिडकीत उभा होतास."

वाइनोला वाटलं उठून जावं. पण गेला असता तर शनिवार आला असता. तो दगडांकडे बघत बोलला. "हो, जळतो. तो बसला तर मला बरं वाटेल. उद्या एकट्याने खेळायला आवडेल मला. तो तुमच्या शेजारी बसतो तेव्हा मला त्याला ढकलून द्यावंसं वाटतं. हे सगळं खरं आहे. आणि त्याला स्वतःच्या नाड्या बांधता येत नाहीत, तेही खरं आहे. तीन आठवडे मी बांधतोय."

म्हाताऱ्याने पळी पुन्हा पाण्यात बुडवून वर काढली.

"आणि त्या रविवारी मी हाक दिली नाही."

"लायल म्हणतो, दिलीस."

"नाही दिली. अकरा नंबर दिसला होता मला. तोंड उघडलं होतं. तुम्ही त्याला पोरा म्हणालात, आणि मी तोंड मिटलं."

पळी म्हाताऱ्याच्या हातात होती. त्याने ती बादलीत सावकाश ठेवली. मग खाली उतरला, अंग न पुसताच पँट चढवली आणि बाहेर पडला. ओल्या केसांनी, त्या थंडीत. वाइनो मागोमाग गेला. केसांचा बर्फ झाला होता तेव्हा ते लायलच्या अंगणात पोचले.

"लायल," म्हातारा म्हणाला, "डोळे मिट आणि या कुंपणापासून माझ्याकडे चालत ये. दहा पावलं."

"काय ईस्सा, दारू चढली की काय मला?"

"चाल."

लायल चालला. चौथ्या पावलाला डावीकडे झुकला, सहाव्याला कुंपणात गेला आणि तिथेच बर्फात बसला. उठायच्या आधी त्याने हसून बघितलं, पण हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं. आयली दारात उभी होती. तिने तोंडावर हात घेतला.

म्हाताऱ्याने जावयाला हाताला धरून उठवलं. "तू उद्या नाही. परवा नाही. कधीच नाही. ओलावीला मी बर्फावरून उचलून आत नेला होता, अजून हातांना त्याचं वजन लागतं." मग वाइनोकडे न वळता म्हणाला, "आणि तू तुझं टीमला सांग. माझ्या तोंडून जाणार नाही."

शनिवारी दुपारी, मॅचच्या तासभर आधी, वाइनोने कपड्यांच्या खोलीत उभं राहून सांगितलं. चार वाक्यांत. कोणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. गोलकीपर उठला, मांडणीवरची वाइनोची खेळायची काठी उचलली, दार उघडलं, आणि काठी बाहेर बोळात भिंतीला टेकवून ठेवली. त्या टीममध्ये ज्याच्यावर पाठ सोपवता येत नाही त्याची काठी दाराबाहेर जायची. वाइनोने नऊ वर्षांत दुसऱ्या दोघांच्या जाताना बघितल्या होत्या. एक त्याने स्वतः ठेवली होती.

तो काठी घेऊन घरी गेला. टीम चार-एकने हरली.

लायल एप्रिलात भेटला, दुकानाच्या पायऱ्यांवर. त्याने डोळ्यांवर काळा चष्मा लावला होता. वाइनोने माफी मागायला तोंड उघडलं.

"राहू दे," लायल म्हणाला. "हाकेचं मला काही नाही. कधीकधी आवाज नाही फुटत माणसाचा. पण मला बसवलंस ते? मी पंचवीस वर्षांचा आहे, वाइनो. आता काय करू मी?" दादा म्हणाला नाही.

"जग," वाइनो म्हणाला.

"तू खेळला असतास का माझ्या जागी?"

"हो."

"मग?" लायल म्हणाला आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरला.

त्याचं डोकं दीड वर्ष दुखलं, मग कमी होत गेलं. तो पुन्हा खेळला नाही. खाणीच्या गोदामात हिशेबनीस झाला, दोन मुली झाल्या, आणि गावातल्या पोरांना फळ्यांजवळ कसं उभं राहायचं ते शिकवू लागला. दर रविवारी म्हातारा आणि तो रिंकमध्ये शेजारी शेजारी बसत, एकच घोंगडी दोघांच्या गुडघ्यांवर, एका थर्मासातली कॉफी पीत. लायल खेळत होता तोवर म्हातारा एकटा बसायचा. आता त्याला सोबत मिळाली होती. वाइनो भट्टीवरून सुटून समोरच्या बाजूला उभा राहायचा, खांबाला टेकून. म्हातारा काहीतरी सांगायचा, कमरेने दाखवायचा, लायल मान मागे टाकून हसायचा. ती जागा लायलला कोणी मिळवून दिली हे वाइनोला पक्कं माहीत होतं. तरी दर रविवारी त्याच्या पोटात तसंच दुखायचं, आणि दर रविवारी तो जायचा.

म्हातारा त्याच्याशी बोलायचा. हवेबद्दल, लाकडांबद्दल, गुडघ्यांबद्दल. त्या शुक्रवारबद्दल कधीच बोलला नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही.

एइनो हक्कोला एकोणीसशे एकोणऐंशी साली फेब्रुवारीच्या चार तारखेला वारला, रिंकमध्ये, दुसऱ्या विश्रांतीत, लायलच्या खांद्यावर डोकं ठेवून. वाइनो समोरच्या बाजूला होता, आणि तो बर्फावरून चालत येईपर्यंत सगळं झालं होतं. वाइनो एकोणीसशे शहाण्णवच्या ऑक्टोबरात फुप्फुसांच्या आजाराने गेला. लायल स्टेफिशिन दोन हजार अकरा साली, मे महिन्यात, अडुसष्टाव्या वर्षी झोपेत वारला.